संग्रहालयात बिअरची चाखणी व्हावी, पण दालनाबाहेर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या वास्तू आणि संग्रहालये संध्याकाळी उघडी ठेवावीत, तिथे खाण्यापिण्याचे, गाण्याबजावण्याचे कार्यक्रम व्हावेत, अशी चर्चा इंदुरात होत असते. क्राफ्ट बिअरच्या, म्हणजे छोट्या प्रमाणावर बनवलेल्या वेगवेगळ्या चवींच्या बिअरच्या, चाखणीचे नावही त्यात निघते. त्यावर दोन ठरलेली मते ऐकू येतात. संग्रहालयात दारू कशाला, हे एक. परदेशात चालते तर इथे का नको, हे दुसरे. हे पत्र लिहिणाऱ्या आमच्यापैकी काहीजण बिअर बनवण्याच्या कामातले आहेत, काहीजण जुन्या वस्तूंच्या जतनाच्या. आमचे मत असे की चाखणी अवश्य व्हावी, कारण बिअर हा संग्रहालयाचाच विषय आहे. पण पेला दालनात नेऊ नये आणि चाखणीची पार्टी करू नये. या दोन अटी का, आणि त्या पाळून कार्यक्रम कसा करायचा, ते तपशिलाने लिहीत आहोत.

आधी विषयाबद्दल. पश्चिम इराणच्या झाग्रोस डोंगरांत गोदिन टेपे नावाचे उत्खननाचे ठिकाण आहे. इ. स. पू. ३५०० ते ३१०० च्या सुमाराच्या तिथल्या एका मातीच्या भांड्याला आतून खाचा पाडलेल्या होत्या आणि त्या खाचांत फिकट पिवळा गाळ धरलेला होता. तपासणीत त्यात कॅल्शियम ऑक्झलेट निघाले आणि १९९२ साली ते प्रसिद्ध झाले. जवाच्या बिअरमधून खाली बसणारा हा क्षार. बिअर बनवणारे त्याला ‘बिअरस्टोन’ म्हणतात आणि त्याच्याशी त्यांचे रोजचे भांडण असते. टाक्या आणि नळ्यांच्या आत त्याचा खरखरीत थर बसतो, थरात जंतू आसरा घेतात आणि चांगली बिअर नळातून आंबूस होऊन बाहेर पडते. कॉस्टिक सोड्याने तो थर सुटत नाही, त्याला आम्लच लागते. चाखणीच्या टेबलावर अशा नळीचा उभा चिरलेला तुकडा आणि त्याशेजारी गोदिन टेपेच्या भांड्याचे छायाचित्र ठेवले, की पुरातत्त्ववेत्ता भांड्यात काय शोधतो हे शाळकरी मुलालाही कळेल.

दुसरे उदाहरण तुर्कस्तानातल्या गॉर्डियनच्या राजथडग्याचे. १९५७ साली तिथे कांस्याची पेयपात्रे सापडली. फिलाडेल्फियाच्या पेन म्युझियममधले पॅट्रिक मॅकगव्हर्न यांनी त्यांतला वाळलेला गाळ तपासला, तेव्हा द्राक्षे, जव आणि मध यांच्या खुणा मिळाल्या. त्यावरून डॉगफिश हेड या अमेरिकन ब्रूअरीने (बिअरच्या कारखान्याने) पेय बनवले आणि २००० साली ते त्या संग्रहालयातल्या मेजवानीत वाढले गेले. कडवटपणासाठी त्यात केशर घातले होते. केशर हे अनुमान होते, गाळात ते सापडले नव्हते. पुरावा कुठे संपतो आणि अंदाज कुठे सुरू होतो, हे पेला हातात असताना सांगणे हेच संग्रहालयाचे काम आहे. हॉटेलातल्या चाखणीत ते कोणी करणार नाही.

आपल्याकडे सांगण्यासारखे कमी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात ‘मेदक’ नावाच्या पेयाचे प्रमाण दिले आहे: एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ, तीन प्रस्थ किण्व. द्रोणाचे चार आढक आणि आढकाचे चार प्रस्थ धरले, तर १६ माप पाण्याला २ माप तांदूळ आणि ३ माप किण्व होते. किण्व म्हणजे उडीद, तांदूळ आणि काही वनस्पती यांचे विरजण. तांदळापेक्षा विरजण जास्त, हे वाचून आजचा ब्रूअर थबकतो. कारण साधे आहे. जव भिजवून मोड आणले की त्यातच पिठाची साखर करणारी द्रव्ये तयार होतात. साध्या तांदळात ती नसतात, म्हणून ते काम बाहेरून आणलेल्या विरजणाला करावे लागते. झारखंड, छत्तीसगडकडच्या हंडियात, म्हणजे तांदळाच्या बिअरमध्ये, आजही राणूच्या गोळ्या हेच काम करतात. झाबुआ-अलिराजपूरची ताडी मात्र वेगळी. ती झाडाच्या गोड रसाची, तिला पिठाची साखर करायची गरजच नसते. मोहाची दारू तर ऊर्ध्वपातनाने काढलेली, म्हणजे बिअरच्या घरातलीच नव्हे. या तिघींना एका ओळीत बसवून ‘आपली देशी बिअर’ म्हणणारा फलक कुठे लागू नये.

नावडातोलीचेही तसेच. नर्मदेकाठी महेश्वरसमोर ह. धी. सांकलिया आणि सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात केलेल्या उत्खननात पन्हळीसारख्या तोटीची वाडगी मिळाली. त्यांचा आकार इराणमधल्या भांड्यांशी जुळतो, असे त्यांनी दाखवून दिले. अशी वाडगी पेयासाठी असावीत, असे पाहताक्षणी वाटते. पण वाडग्यात काय होते ते आकार सांगत नाही. गोदिन टेपेला गाळ तपासला म्हणून बोलता आले. माळव्याच्या भांड्यांबद्दल बोलताना वक्त्याने तोटीपाशीच थांबावे.

इंडिया पेल एल (आयपीए) ही तिसरी कथा, आणि तिच्यात इंदूरजवळचे महू येते. महिदपूरच्या लढाईनंतर जानेवारी १८१८ मध्ये होळकर आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात मंदसौरचा तह झाला आणि महूची छावणी वसली. हिंदुस्थानात येणारी हॉजसन या ब्रूअरची पेल एल, म्हणजे फिकी बिअर, लंडनच्या बो ब्रूअरीतून अठराव्या शतकाच्या अखेरीपासून जहाजाने येत होती. इंग्लंडातल्या बर्टन गावचे ब्रूअर १८२० च्या दशकात या व्यापारात उतरले. समुद्रप्रवास टिकावा म्हणून हॉजसनने ही बिअर शोधून काढली, असे सगळीकडे सांगितले जाते. ते खरे मानायला आधार नाही. हॉप (बिअरला कडवटपणा आणि सुवास देणारी फुले) जास्त घातलेल्या, मुरवून प्यायच्या फिक्या बिअर इंग्लंडात आधीपासून होत्या, त्यांतलीच एक इथे टिकली आणि आवडली. शिवाय पेल एल साहेबांच्या मेजावरची. साध्या गोऱ्या शिपायासाठी कंपनी मोठ्या प्रमाणावर पोर्टर ही काळी बिअर मागवत असे. म्हणून महूच्या छावणीची गोष्ट सांगायची, तर टेबलावर आयपीएच्या जोडीला काळी पोर्टर हवीच.

आता दालनाचा प्रश्न. लघुचित्रे, कागद, जरीची वस्त्रे यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचे माप) जास्त उजेड पडू देत नाहीत, कारण अतिनील आणि निळा प्रकाश रंग खातो. गंमत अशी की बिअरलाही तोच प्रकाश नासवतो. हॉपमधली कडू द्रव्ये निळ्या प्रकाशात फुटतात आणि गंधकाचे एक संयुग तयार होते. लिटरमागे त्याचे काही नॅनोग्रॅमही नाकाला कळतात आणि वास कुजकट, उग्र येतो. तपकिरी बाटली हा प्रकाश अडवते. हिरवी आणि पांढरी अडवत नाही. उन्हात ठेवलेल्या पेल्यात हा वास काही मिनिटांत येतो. म्हणजे बिअरला ऊन नको, पण रंग आणि पारदर्शकता पाहायला ३०० ते ५०० लक्सचा पांढरा उजेड हवा. दालनाच्या मंद उजेडात सोनेरी आणि तांबूस यांतला फरक दिसत नाही, आणि उजेड वाढवला तर चित्रांचे नुकसान. एकाच खोलीत दोन्ही जमत नाही.

आर्द्रतेचा हिशोबही तसाच आहे. बसलेला माणूस तासाला साधारण ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो, म्हणजे ६० माणसे तासाला तीन लिटर. बंद दालनात ते लाकूड, कापड आणि कागद शोषून घेतात. माणसे गेल्यावर हवा कोरडी झाली की परत सोडतात. या फुगण्या-आकसण्याने रंगाचे पोपडे सुटतात. सांडलेल्या बिअरमधली साखर आणि प्रथिने झुरळांना आणि मुंग्यांना बोलावतात, आणि गालिच्याखाली राहिलेल्या ओलीवर बुरशी धरते. बिअरचा सामू ४ ते ४.५, आंबट बिअरचा त्याहून कमी. संगमरवर हा चुनखडीच्या जातीचा दगड, आम्ल त्याला खाते. त्यावर थेंब पुसायचा राहिला, की झिलई जाऊन मंद डाग उरतो आणि तो धुऊन जात नाही, घासूनच काढावा लागतो. जुन्या फर्निचरचे फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. त्यावर ओला पेला ठेवला की पांढरे कडे उठते. लालबागेसारख्या वाड्यात या दोन्ही गोष्टी आहेत. आणि राजवाड्याने १९८४ ची आग पाहिली आहे. तिथे गरम पदार्थांसाठी गॅसची शेगडी किंवा लोंबत्या वायरींचे तात्पुरते दिवे नेण्याचा विचारही होऊ नये.

म्हणून क्रम असा ठेवावा: आधी ३० मिनिटे दालनात, रिकाम्या हाताने, जाणकारासोबत. मग दालनाचे दार बंद करावे आणि मंडळींनी व्हरांड्यात, अंगणात किंवा बागेतल्या मांडवात बसावे. तिथून कोणी पेला घेऊन परत आत जाऊ नये यासाठी दारावर माणूस हवा, नुसती पाटी पुरत नाही. ऋतू नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी सातलाही हवा इतकी तापलेली असते, की ७५ मिली बिअर बोलता बोलता कोमट होते.

परवान्याचे थोडक्यात. आबकारी खात्याकडून त्या दिवसापुरता प्रासंगिक परवाना घ्यावा लागतो. वास्तू संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याची संमती वेगळी. मायक्रोब्रूअरीची (जागेवरच बिअर बनवणाऱ्या छोट्या ब्रूअरीची) ताजी बिअर बऱ्याचदा तिच्या आवारातच विकायची अट असते, तेव्हा ती पिंपात भरून बाहेर नेता येईल का, हे पोस्टर छापण्याआधी विचारावे. मध्य प्रदेशात किमान वय २१ वर्षे आहे. ओळखपत्र दारावर पाहावे, टेबलावर नव्हे.

प्रमाणाचा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माणशी सहा नमुने, प्रत्येकी ७५ मिली, म्हणजे ४५० मिली. सरासरी ६ टक्के धरले तर त्यात २७ मिली, म्हणजे सुमारे २१ ग्रॅम अल्कोहोल येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे चालकाच्या १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल चालत नाही. दीड तासात हे सहा नमुने घेतलेल्या ६० किलोच्या पुरुषाची पातळी हिशोबाने या ३० च्या काठावर येते; तेवढ्याच वजनाच्या स्त्रीची ४० च्या वर जाते, कारण शरीरातले पाण्याचे प्रमाण कमी असते. रिकाम्या पोटी आकडा आणखी चढतो. म्हणजे ‘नुसती चव घेतली’ म्हणणाराही स्कूटर चालवण्याच्या स्थितीत नसतो. आयोजकाने तिकिटातच परतीच्या गाडीची सोय धरावी, आणि जो गाडी चालवणार त्याच्या मनगटावर वेगळी पट्टी बांधून त्याला बिनदारूच्या टेबलावर बसवावे. सहापेक्षा जास्त नमुने ठेवू नयेत. त्यापुढे जीभही थकते आणि कडवटपणातला फरक सांगता येत नाही.

साठ जणांना ७५ मिलीप्रमाणे एका बिअरची गरज साडेचार लिटर. ६५० मिलीच्या सात बाटल्यांत ते जेमतेम बसते. तळाचा गाळ आणि फेस धरून आठ घ्याव्यात. ३० लिटरच्या पिंपातून कागदावर ४०० नमुने निघतात. त्यामुळे एवढ्या लोकांसाठी पिंप आणणे म्हणजे उरलेले संपवण्याचा मोह विकत घेणे होय. चाखणीची पार्टी होते ती बहुतेक इथूनच. आमची शिफारस बाटल्या आणि कॅनचीच.

तरी पिंप आणलेच, तर ते आदल्या दिवशी पोचवून ४ अंशांवर २४ तास हलवू नये. गाडीत हिंदकळलेल्या, न निवलेल्या पिंपातून पेल्यात नुसता फेस येतो आणि वाढपी दाब कमी करत बसतो. त्याने बिअर फसफसायचीच बंद होते. ४ अंशांवर नेहमीच्या वायूप्रमाणासाठी समुद्रसपाटीला साधारण १२ पीएसआय (दाबाचे एकक) दाब लागतो. इंदूर सुमारे ५५० मीटर उंचावर, इथे हवेचा दाब कमी, म्हणून गेज १३ वर ठेवावा. आतून ५ मिलिमीटरची नळी साधारण दोन मीटर लांब असावी, तोटी पूर्ण उघडावी. अर्धवट उघडलेली तोटी फेस करते. नळ्या दर १४ दिवसांनी २ टक्के कॉस्टिकने १५ मिनिटे फिरवून धुवाव्यात, पाणी उदासीन होईपर्यंत खळखळाव्यात, आणि तीन महिन्यांतून एकदा आम्लाने बिअरस्टोन काढावा. भाड्याने आणलेल्या यंत्राची शेवटची धुलाई कधी झाली, हे लेखी मागावे.

कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याकडे दुर्लक्ष होते, ते होऊ नये. पाच किलोच्या नळकांड्यातून सुमारे २.७ घनमीटर वायू निघतो. ५० घनमीटरच्या बंद कोठीत तो गळला तर हवेत ५ टक्क्यांवर जातो, आणि ४ टक्के हीच जिवाला तात्काळ धोक्याची पातळी मानतात. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळघरात आणि पायऱ्यांखाली साचतो. जुन्या वाड्यांत नळकांडे ठेवायला नेमकी तीच जागा दिली जाते. ते उघड्यावर, उभे आणि साखळीने बांधलेले असावे.

बिअर ताजी आहे का, हे बाटलीवरच्या तारखेवरून आणि प्रवासावरून ठरते. ब्रूअरांचा एक ठोकताळा आहे: ३२ अंशांवर ३ दिवस, २२ अंशांवर ३० दिवस आणि ३ अंशांवर ३०० दिवस यांनी बिअर जवळपास सारखीच शिळी होते. बंगळूरहून किंवा पुण्याहून साध्या ट्रकने उन्हाळ्यात आलेली आयपीए इंदुरात उतरते तेव्हाच तिचा हॉपचा सुवास गेलेला असतो आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास येऊ लागलेला असतो. दोष मग बनवणाऱ्याला लागतो. आयपीए तीन महिन्यांच्या आतली आणि सलग थंड ठेवलेलीच घ्यावी; काळी, तीव्र बिअर थोडी जुनी चालते.

वाढायचे तापमान सगळ्यांना एकच नको. पिल्सनर (फिकी, हलकी) ४ ते ६ अंश, गव्हाची ६ ते ८, पेल एल आणि आयपीए ७ ते १०, स्टाउट आणि पोर्टर (दोन्ही काळ्या) १० ते १३. सगळ्या बाटल्या बर्फात गाडून ठेवल्या की स्टाउटमधला भाजक्या दाण्याचा आणि कॉफीचा गंध उठतच नाही. दोन पेट्या कराव्यात, एक बर्फाची आणि एक नुसत्या थंड पाण्याची. काळ्या बिअर दुसरीत.

पेले काचेचे, १५० ते २०० मिलीचे, तोंडाशी किंचित निमुळते. निम्म्याहून जास्त भरू नयेत, वरची रिकामी जागा वासासाठी. पेला खरोखर स्वच्छ आहे का ते पाहायचे तर ओला करून आत मीठ भुरभुरवावे: जिथे मीठ चिकटत नाही तिथे तेलकटपणा आहे. बिअर ओतल्यावर काचेला आतून बुडबुडे चिकटून राहिले तरी तेच समजावे. सुवासिक साबण वापरू नये, फडक्याने पुसू नये, उपडे घालून वाळवावेत. नर्मदेच्या नळाला क्लोरीनचा वास तीव्र असेल त्या दिवशी शेवटचे खळखळणे गाळलेल्या पाण्याने करावे. बोअरचे जड पाणी काचेवर पांढरट पापुद्रा सोडते, तेही टाळावे. प्लास्टिकचे पेले आणणाऱ्या आयोजकाला चाखणी घ्यायची नाही, इतकेच समजावे.

संग्रहालयात एक खास अडचण असते, वासाची. फिनाइलने पुसलेली फरशी, कपाटांतल्या डांबरगोळ्या, उदबत्ती. डांबरगोळीचा वास नाकात बसला की हॉपमधला लिंबाचा, पाइनचा गंध कळत नाही. मांडवाची जागा दोन दिवस आधीपासून साध्या पाण्यानेच पुसावी. येणाऱ्यांनी अत्तर लावू नये. पान, तंबाखू, पानमसाला निदान दोन तास आधी बंद.

क्रम सौम्याकडून तीव्राकडे: पिल्सनर, गव्हाची, पेल एल, आयपीए, पोर्टर, शेवटी ८ टक्क्यांजवळची एखादी. आयपीए आधी दिली तर तिचा कडवटपणा जिभेवर राहून पिल्सनर पाण्यासारखी लागते. प्रत्येक नमुन्यानंतर दीडशे मिली पाणी आणि १० मिनिटे. सोबत बिनमिठाच्या लाह्या, मुरमुरे किंवा साधा पाव. रतलामी सेव आणि जिरावन घातलेले पोहे टेबलावर आलेच पाहिजेत, याबद्दल आमचे दुमत नाही. मात्र सहावा नमुना संपल्यावर. लवंग-मिरीची तिखट सेव जिभेवर असताना अल्कोहोल आणि फसफस तिखटाची आग वाढवतात, तेलाचा लेप चव झाकतो आणि मिठाने कडवटपणा दबतो. मग कोणती बिअर चांगली याचे उत्तर सेवच देते. जेवण मात्र कार्यक्रमाआधी तासभर झालेले असावे.

चाखताना आधी पेला पांढऱ्या कागदासमोर धरून रंग आणि फेस पाहावा. मग पेला हलकेच फिरवून दोन-तीन आखूड श्वास घ्यावेत. एकच लांब श्वास घेतला की नाक बधिर होते. बिअर फार थंड असेल तर तळवा वर झाकून, दुसऱ्या हाताने पेला धरून मिनिटभर ऊब द्यावी. घोट जिभेवर सगळीकडे फिरवून गिळावा, कारण कडवटपणा गिळल्यानंतर किती वेळ राहतो हाही निकष आहे. उरलेले ओतायला प्रत्येक टेबलावर भांडे ठेवावे आणि ते वापरण्यात कमीपणा नाही, हे सुरुवातीलाच सांगावे. गव्हाच्या बिअरची बाटली शेवटच्या थोड्या बिअरसह हलवून तळाचे यीस्ट पेल्यांत घेतात. बाकीच्यांचा गाळ बाटलीतच ठेवतात.

कोणता वास गुण आणि कोणता दोष, हे शिकायला आपले स्वयंपाकघर पुरते. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये पिकलेले केळे आणि लवंग यांचा वास यायलाच हवा. तो तिच्या यीस्टचा आहे, त्यात केळे घातलेले नसते. पिल्सनरसारख्या फिक्या लागरमध्ये उकडलेल्या मक्याचा वास आला तर माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) रस पुरेसा उकळलेला नाही किंवा झाकण ठेवून उकळला आहे. सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाणाऱ्याला तो चटकन ओळखता येईल. लोण्याचा, बटरस्कॉचचा वास म्हणजे डायअॅसिटिल, लिटरला ०.१ मिलिग्रॅम असले तरी कळते. यीस्टला आपले काम संपवू न देता बिअर लवकर थंड केली तर ते राहते, नाहीतर मळक्या नळीतल्या जंतूंपासून येते. तीच बिअर बाटलीतून चांगली आणि नळातून लोण्यासारखी लागली, तर दोष नळीचा. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर कच्ची. पुठ्ठा म्हणजे शिळी. शिरका म्हणजे हवा आणि जंतू दोन्ही आत गेले. हे ओळखता येणे हीच चाखणीची कमाई. ब्रँडची नावे पाठ होणे नव्हे.

न पिणाऱ्यांसाठी शेजारी दुसरे टेबल हवे, आणि ते दुय्यम असू नये. तिथे फिके, कॅरॅमल आणि काळे भाजलेले माल्ट वाट्यांत ठेवून चावायला द्यावेत. हॉपची फुले तळहातावर चुरगळून वास घ्यायला द्यावीत. माल्टचा गोड रस गरम द्यावा. काळी बिअर काळी का, याचे उत्तर पेल्यापेक्षा भाजलेला दाणा चावून जास्त नीट कळते. ज्यांना वय, व्रत, औषध किंवा गाडी यामुळे प्यायचे नाही त्यांना कार्यक्रमाचा निम्म्याहून जास्त गाभा या टेबलावर मिळतो. तिकीट त्यांना कमी दरात द्यावे.

वाढणाऱ्या एका माणसाकडे वीसपेक्षा जास्त पाहुणे देऊ नयेत, आणि त्याने स्वतः कार्यक्रम संपेपर्यंत पिऊ नये. चाखणी दीड तासात आटोपावी. त्यानंतर जे चालते त्याला चाखणी म्हणता येत नाही.

तिकीट घेणाऱ्यांना एवढेच सुचवतो की पैसे भरण्याआधी आयोजकाला काही गोष्टी विचाराव्यात. नमुने किती आणि किती मिलीचे? बसायची सोय आहे की उभ्याने? बाटल्यांवरची तारीख दाखवणार का? दालनात घेऊन जाणारा जाणकार कोण, आणि कोणत्या वस्तूबद्दल बोलणार? घरी परत कसे सोडणार? ‘अमर्याद बिअर’ असे तिकिटावर छापले असेल किंवा संग्रहालयातल्या एकाही वस्तूचे नाव आयोजकाला सांगता आले नाही, तर ते तिकीट घेऊ नये आणि संग्रहालयाने त्या आयोजकाला जागा देऊ नये.

आपले,
बिअरनिर्मिती आणि वस्तुजतन या कामांतले काही वाचक, इंदूर